ओढ्याच्या वळणावरची बाभूळ

माघ अर्धा सरला की माझ्या तळहातांना खाज सुटते. इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साड्यांच्या रंगामुळे होत असेल, हातमोजे घालत जा. मी मान डोलावली. हे हात बाराही महिने त्याच साड्यांच्या घड्या घालतात आणि गप्प असतात. फक्त गावाकडे हळद निघायला लागली की त्यांना काहीतरी व्हायला लागतं, हे त्यांना कसं सांगणार?

सुरतेत आम्ही राहतो ती चाळ कापड रंगवण्याच्या एका लहानशा कारखान्याच्या पाठीमागे आहे. त्याचा बॉयलर सकाळीच पेटतो. वाफ सुटल्याचा आवाज झाला की मी जिथे असेन तिथे थांबते. हातातली पोळी तव्यावर करपते. आमचे हे म्हणतात, "रोजचंच आहे की ते, दचकायचं काय त्यात?" रोजचंच आहे, खरंय. पण माघ-फाल्गुनात तो आवाज या कारखान्यातून येत नाही, हिंगोलीकडून येतो.

भिंतीतून एक नळी बाहेर निघते आणि चाळीच्या गटारात पडते. कारखान्यात ज्या रंगाचं काम, तो रंग त्या दिवशी गटाराला. निळा आला तर पोरं कागदाच्या होड्या सोडतात. गेल्या पंधरवड्यात एका सकाळी पिवळा आला. गडद, ताज्या हळदीच्या पाण्यासारखा. मी कचऱ्याची बादली घेऊन उभी होते ती तशीच घरात आले आणि दार लावून घेतलं. दुपारी कामावर गेले तर एका पांढऱ्या भिंतीवर कुणीतरी रंगाचा हात पुसलेला. पाच बोटं. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं गेले.

मी तशी भित्रीच. गॅसचं बटण तीनदा बघते, कुलूप ओढून बघते, जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढते. माय म्हणते, लहानपणी अशी नव्हतीस. लहानपणी नव्हते. एकोणीस वर्षांची होईपर्यंत नव्हते.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या अलीकडे. बाबा मी लहान असतानाच गेले. नववीत असताना सकाळची जीप बंद झाली, आणि गोरेगावच्या शाळेत चालत जाणाऱ्या आमच्या गावच्या तीन मुलींपैकी दोघींनी शाळा सोडली. मग एकटीनं जायचं नाही म्हणून मीही सोडली. कुणी रडलं वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी मायबरोबर निंदायला गेले. त्या शेतातून मला उचललं ते याडीनं.

याडी म्हणजे बंजारा तांड्यावरच्या बोलीत आई. तिचं खरं नाव जमुनाबाई, पण सगळं गाव तिला याडीच म्हणायचं. ठेंगणी, काळी, हातात अजून जुन्या पद्धतीचे बांगड्यांचे जोड. तांड्यावरच्या आणि गावातल्या मिळून पाच बायकांच्या गटानं हळद शिजवायचा कुकर आणला होता आणि त्याची मुख्य ती. कुकर म्हणजे गाड्यावर बसवलेली पाण्याची टाकी, तिच्याखाली भट्टी, आणि बाजूला चार मोठी पिंपं. टाकीतली वाफ नळीनं पिंपात सोडायची. पिंपात ओली हळकुंडं. वास बदलला की झाकण उघडून खराट्याची काडी टोचायची. आरपार गेली की शिजली. कमी शिजली तर आतून पांढरी राहते, जास्त शिजली तर रंग जातो. याडी काडी न टोचता सांगायची. झाकणावर हात ठेवायची आणि म्हणायची, "काढ."

मला तिनं हे सगळं शिकवलं. नववी नापास नाही, नववी सोडलेली पोरगी. तिच्या हाती चार पिंपांची वाफ दिली. आज मी जी काही आहे, दोन माणसांत उभी राहून बोलू शकते, घड्या घालणाऱ्या बायकांत जिच्या हाती साड्यांच्या कारखान्याची किल्ली असते, ती त्या वाफेनं केलेली आहे. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात ते हरवून जाईल.

हळदीच्या हंगामातलं आमचं शिवार मला आजही नाकानं आठवतं. कापलेल्या पाल्याचा हिरवा, जरा कडवट वास. ट्रॅक्टरनं उकरलेल्या मातीचा वास. बायका रांगेनं बसून गड्ड्यापासून हळकुंडं मोडतात, तो कट् कट् आवाज. आणि शिजलेल्या हळदीचा वास, जो गोडही नाही आणि तिखटही नाही, ओल्या भिंतीला ऊन लागल्यासारखा. संध्याकाळी घरी आलं की पाण्याचा तांब्या पिवळा, भाकरी पिवळी, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला तर कुत्रं पिवळं.

याडीच्या कुकरचे दोन नियम होते. पहिला, पिंपातून निथळलेलं पिवळं पाणी ओढ्यात सोडायचं नाही. त्यासाठी तिनं वाळूचा आणि दगडगोट्यांचा खड्डा केला होता. दुसरा नियम जळणाचा. ज्याची हळद त्यानं आपल्याच शेतातल्या तुराट्या-पऱ्हाट्या, तुरीच्या आणि कापसाच्या वाळक्या काड्या, आणायच्या. जिवंत लाकूड भट्टीत जाणार नाही. सरपण तोडून जाळणारे दुसरे कुकर गावात येत, ते लवकर शिजवत. लोक याडीला चिडवत.

किसनकाका सगळ्यांत पुढे. आमच्या शेजारचे शेतकरी, जिभेला हाड नसलेले. म्हणायचे, "याडी, तुझ्या कुकरला उपास हाय का? काड्याच खातो."

"काड्या खातो म्हनून टिकला. तुझ्यासारखं समदंच खाल्लं असतं तर पोट फुटलं असतं," याडी म्हणायची. आणि त्यांचीच हळद आधी घ्यायची, कारण ते तुराट्या सगळ्यांत चांगल्या वाळवून आणत.

त्या वर्षी हंगामाआधी पंचायत समितीतून एक मॅडम आल्या होत्या. गावाचा आराखडा करायचा होता. पुढची वर्षं पाणी, माती, झाडं टिकायची तर काय राखायचं, गावात कोणता धंदा कसा चालावा, हे गावानंच ठरवायचं. शाळेच्या ओट्यावर मोठा कागद पसरला. ओढा निळ्या खडूनं, रस्ता लाल. ओढ्याच्या वळणापाशी तांड्याची विहीर, तिच्या वरच्या अंगाला काठावरची झाडं. मॅडम म्हणाल्या, ही झाडं काठ धरून आहेत, काठ विहिरीला धरून आहे. झाडं राखायची असं सगळ्यांनी मान्य केलं.

याडी कागदाकडे बघत म्हणाली, "मॅडम, ह्यो कागद कपाटात जाईल. कपाटाची किल्ली सरपंचाच्या खिशात. झाडाला कसं कळंल, त्याला राखलं म्हनून? लगनात दारावर हात उमटवतो, तसे झाडावर उमटवू. त्यो हात कुणी पुसत न्हाई."

"झाडाचं लगन कुणासंगं लावून राहिली, याडी?" किसनकाका.

"तुझ्यासंगं. तुझी बायको हो म्हनली."

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी बायका पातेल्यात हळद कालवून निघाल्या. करंज, जांभूळ, उंबर, एकेका खोडावर एकेकीचा हात. मी सोबत होते. कोणत्या झाडावर कुणाचा हात ते मी मनात धरत गेले, कारण कुकरजवळ मीच असणार होते. वळणावर एक जुनी बाभूळ होती, अर्धी वाळलेली. तिला कुणी हात लावेना. काटे, शिवाय बाभूळ ती बाभूळ. माय पुढे झाली. म्हणाली, "मी लावते. माझं लेकरू हिलाच झोळी बांधून निजायचं." तिनं तळहात सालीवर दाबून धरला, बराच वेळ, ताप बघावा तसा.

मी याडीला हळूच विचारलं, "पाऊस आला तर धुऊन जाईल ना गं?"

"जाऊ दे की. आपल्याला म्हाईत हाय ना."

पुढचं लिहायला मला सात वर्षं लागली. आता थांबले तर पुन्हा राहील.

फाल्गुन लागायच्या सुमाराला अवकाळी आला. तीन दिवस ढग, पाऊस, मध्येच गारा. सहा जणांची हळद उकरून पडलेली. ओली हळद ढिगात राहिली की आतून तापते. पोतं उचललं की तोंडावर ऊब येते, आणि मग बुरशी. ज्याच्या घरात वर्षभराचं पीक असं तापत पडतं, त्या घरातलं कुणी नीट जेवत नाही. तुराट्या-पऱ्हाट्या सगळ्या भिजलेल्या. भट्टीत घातल्या की नुसता धूर. टाकीतलं पाणी कोमटच राही.

याडी नव्हती. कळमनुरीकडच्या एका तांड्यावर तिचा भाऊ वारला होता, ती तिकडे गेलेली. जाताना मला म्हणाली होती, "जाळ तुझ्या हाती हाय. घाई करू नको." तिचा फोन लागत नव्हता. मी दर थोड्या वेळानं लावत होते.

चौथ्या दिवशी दुपारी सहाही जण कुकरभोवती उभे होते. कुणी मला दमात घेतलं नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. किसनकाकांनी एक हळकुंड माझ्या हातावर ठेवलं. नख दाबलं तर नख आत गेलं.

ते म्हणाले, "वंदे, आज वाफ झाली न्हाई तर फेकून द्यायची हाय ही. आमी पाया पडू का तुझ्या?"

"काका, असं काहून बोलता?"

"मग लाकूड दाखव. तुझ्या डोक्यात समदी झाडं हायत. ज्यावर हात न्हाई असं एखादं दाखव. गावाचा नेमबी मोडत न्हाई मग."

आम्ही ओढ्याकडे गेलो. पुढे मी, मागे ते आणि कुऱ्हाड घेतलेले दोघं. खोडं काळी पडलेली. पावसानं करंजावरचा हात गेला होता, जांभळावरचा गेला होता. वळणावरची बाभूळ अर्धी वाळलेली, म्हणजे ओल्यातही पेटणारी. मी तिच्यापाशी उभी राहिले. तिच्या सालीला खोल भेगा. एका भेगेत पिवळी रेघ उरली होती. करंगळीएवढी. मी तिथे हात टेकला, दमल्यासारखा.

"यावर हात हाय का?" किसनकाकांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

बाभूळ काय जळाली. अशी वाफ मी आधी पाहिली नव्हती. दीड दिवसात सहाही जणांची हळद शिजून निघाली. काकूंनी मला गुळाचा खडा भरवला. लोक म्हणाले, पोरगी म्हणावं तर अशी. मी तो गूळ गिळला. तो घशाखाली जाताना कसा लागला ते मला आजही सांगता येतं, आणि म्हणूनच सांगत नाही.

नंतर जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. याडीच्याच कुकरनं वळणावरची बाभूळ जाळली, हे गावभर झालं. मग ज्यांच्याकडे दुसरे कुकर आले होते ते म्हणाले, राखणारीनंच तोडलं, आपण काहून थांबायचं? खोडांवर हात तर कुठेच दिसत नव्हता. होळीपर्यंत वळणापासून वरचा काठ मोकळा झाला. मी रोज तिकडून जायची आणि बुंधे मोजायचे नाहीत असं ठरवून जायची. मोजायची.

याडी परतली तेव्हा सगळी हळद अंगणांत वाळत होती. ती भट्टीपाशी बसली, चिमूटभर राख घेऊन बोटांत चोळली.

"बाभळीची हाय," ती म्हणाली. "भांडे चांगले निघतात हिनं."

आणि ओच्यात थोडी राख बांधून घरी गेली. मला एक शब्द विचारला नाही. मी वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी बघितली, तिसऱ्या दिवशी बघितली.

ग्रामसभेत तांड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं विषय काढला. विहिरीच्या वरचा काठ उघडा पडला, पहिली कुऱ्हाड कुणी घातली? मी बायकांत मागे बसले होते. माय शेजारी. किसनकाका पुरुषांत, खाली बघत. याडी उठली.

"कुकर माझा, जाळ माझा. मी तोडली."

"तू तर गावात नव्हती, याडी," कुणीतरी म्हणालं.

"कुकर होता ना."

इतकंच. मी उठले नाही. माझे पाय मुंग्या आल्यासारखे झाले होते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पायांना काही झालं नव्हतं.

त्या पावसाळ्यात काठ विहिरीत आला. एका दिवसात नाही. थोडा थोडा, भाकरीचा कोर मोडावा तसा. श्रावणापर्यंत तांड्याच्या विहिरीत पाण्याऐवजी तांबडा गाळ. बायका गावाच्या आडावरून पाणी न्यायला लागल्या, चढ चढून. याडीही नेत असे. मी एकदा तिचा हंडा घेतला, तिनं दिला. दुसऱ्या दिवशी घ्यायला गेले तर म्हणाली, "राहू दे. रोज येशील का?" त्यात राग नव्हता, तिनं नुसतं विचारलं होतं. मी रोज येऊ शकत नव्हते.

तांड्यावरच्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. पुढच्या हंगामात कुकर ताडपत्रीखाली उभा राहिला आणि त्यानंतर विकला गेला. माझं लग्न ठरलं आणि मी सुरतेला आले. हळद लावायला याडी आली होती. सगळ्यांनी गालाला लावली, तिनं माझ्या तळहातांना लावली आणि म्हणाली, "सुखी राह्य." मी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही.

इथे आल्यावर मी विसरेन असं वाटलं होतं. इथे हळद पुडीत येते. पण साड्यांच्या गठ्ठ्यांवर मशीनचा दाब पडतो, धप्, धप्, आणि दोन दाबांच्या मधल्या शांततेत कुऱ्हाड उचललेली असते. भाजीवाल्याच्या हातगाडीवर ओली हळद दिसली की मी दुसऱ्या गाडीवर जाते. माझा लेक तीन वर्षांचा आहे. त्यानं एकदा वरणाचा हात दारावर मारला. मी तो हात त्याच्या देखत घासून काढला, लाकडाचा रंग निघेपर्यंत. तो घाबरून बघत राहिला.

या माघात मायचा फोन आला. गावाचा आराखडा पुन्हा करत आहेत. ओढ्याकाठी सगळ्या गावासाठी हळद शिजवायची एकच शेड करायची, ज्याला जागा मिळेल त्यानं नियमानं चालवायची. याडीची सून सुनीता पुढे आली आहे. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या भुशाचे दाबून केलेले गट्टू जाळणार, पाणी गाळून पुन्हा वापरणार, सगळं तिनं लिहून दिलंय. पण लोक म्हणतात, ज्या घरानं बाभूळ तोडली त्या घराला ओढ्याकाठी जागा द्यायची नाही. सोमवारी ग्रामसभा आहे. जागा नाही मिळाली तर सुनीता आणि तिचा नवरा ऊसतोडीला जाणार, पोरांना घेऊन.

"याडी काय म्हणते?" मी विचारलं.

"ती काय म्हननार. बसून राहते." मग माय म्हणाली, "तुला बोलायचं आसंल तर बोल. माझं नको बघू. त्या झाडावर माझाच हात व्हता, मला काय म्हाईत नव्हतं व्हय?"

सात वर्षं. दर आठवड्याला आम्ही फोनवर बोलतो. पावसाचं, म्हशीचं, लेकराच्या खोकल्याचं.

मी आधी याडीला फोन लावला. सुनीतानं तिच्या कानाला धरला. मी बोलत गेले, रडले असेन. तिनं माझ्यासाठी दोष घेतला, तिचे उपकार मी कुठे फेडू, असं काहीसं म्हणत होते. तिनं मध्येच तोडलं.

"तुझ्यासाठी न्हाई घेतला. धंदा माझा व्हता. पोरीच्या हाती जाळ देऊन मी गेले, आन् मंग म्हनू का पोरीनं केलं? असा धंदा करतेत व्हय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझ्यावर राग व्हता," ती म्हणाली. "लई व्हता. तू सभेत उठशील वाटलं मला. न्हाई उठली. आता मला काहून सांगून राहिली? मला तर राखंतच कळलं. गावाला सांग."

इतकी वर्षं मी तिच्या मायेची ऋणी होते. ती माया नव्हतीच असं नाही, पण त्या दिवशी सभेत उठली ती कुकरची मालकीण होती. आपल्या नावानं पेटलेल्या जाळाचा जाब आपण द्यायचा, एवढा साधा हिशेब. मला तो कळला असता तर मीही उठले असते, कारण जाळ माझ्या हाती होता.

सोमवारी मी कामावरून अर्धा तास मागून घेतला आणि जिन्यात जाऊन बसले. मायनं तिकडे फोन मोठ्या आवाजावर ठेवला. सभेचा कालवा, खुर्च्या सरकल्याचा आवाज, कुणाचं तरी लेकरू. मग शांत. मी सांगितलं. बाभळीवर हात होता, मला दिसत होता, मी तो झाकला आणि नाही म्हणाले. याडी गावात नव्हती. तिच्या घरचं कुणीच नव्हतं.

मी फोन कानावरून काढून बघितला. मला वाटलं फोन कटला.

मग किसनकाकांचा आवाज आला, पूर्वीपेक्षा बारीक. "पोरीनं हात ठेवला व्हता तिथं. मी पाहिला. आमी साऱ्यांनीच पाहिला. तिनं न्हाई म्हनावं म्हनूनच तिला पुढं घातली व्हती."

"काका, तवा काहून बोलले न्हाई?" हा सुनीताचा आवाज.

"हळद वाळत व्हती," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच असं वाक्य ऐकलं ज्यावर कुणी हसलं नाही.

ग्रामसेवकांनी विचारलं, इतिवृत्तात लिहायचंय, पूर्ण नाव सांगा. मी सांगितलं, माझं, बाबांचं, माहेरचं आडनाव. त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, बरोबर आहे का म्हणून. शाळा सोडल्यापासून माझं हे पूर्ण नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. मी म्हणाले, बरोबर आहे.

लांबून याडी बोलली, "ठेव आता फोन. आमाला फुडलं बोलायचं हाय."

दुपारभर मी घड्या घातल्या. संध्याकाळी माय बोलली. जागा सुनीताला दिली, एका हंगामासाठी. नियम मोडला तर काढून घ्यायची. दोघं-तिघं अजून कुरकुर करत होते, एक जण माझ्या नावानं वाईटसाईट बोलून उठून गेला. माय म्हणाली, बोलू दे. उद्या आडावर अजून बोलतील.

मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बॉयलरची वाफ सुटली आणि मी तितकीच दचकले. कबूल केलं म्हणून काठ परत येत नाही. तांड्यावरच्या बायका त्या सकाळीही चढ चढूनच पाणी घेऊन गेल्या असतील.

मायनं आणखी एक सांगितलं होतं. आराखड्यातलं पहिलं काम तांड्याची विहीर उपसायचं ठरलंय. येत्या आठवड्यात, घरटी एक माणूस, एक दिवस. किसनकाका स्वतः यादी घेऊन घरोघर फिरतायत.

"आपल्या घरचं मी जाते," माय म्हणाली. तिचे गुडघे दुखतात. तिला उंबऱ्यावरून उतरताना भिंत धरावी लागते.

"तू नको उतरू," मी म्हणाले. "मी येते."

"एका दिवसाच्या कामाला एवढ्या लांबून?"

"व्हय."

काल मालकाकडे सुट्टी मागितली. तो मूळचा इथलाच, बरा माणूस आहे, पण लगनसराईचा माल निघायचा आहे. "किसकी शादी है?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, शादी नाही, गावातल्या विहिरीतला गाळ काढायचा आहे. त्यानं हातातली वही मिटली. मग म्हणाला, गावात माणसं नाहीत का? मी म्हणाले, आहेत. त्यानं चार दिवस दिले.

अकोल्याला उतरायचं, तिथून हिंगोली, पुढे गोरेगावची जीप. लेकाला सोबत नेते आहे. आमच्या ह्यांनी तिकीट काढून दिलं आणि काही विचारलं नाही. परत आल्यावर त्यांनाही सगळं सांगायचं आहे. आज सकाळी पिशवी भरली. लेकराचे कपडे, मायसाठी गुडघ्याचं तेल. आणि तळाशी एक जुनी साडी, गाळात खराब झाली तरी चालेल अशी.